निळ्या टेपचा टॉर्च आणि पाचशेची नोट

फॅमिली ग्रुपपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत फिरणाऱ्या एका मेसेजचा सारांश असा. पाचशेच्या नोटेत प्रकाश पडला की रंग बदलणारं रसायन असतं आणि त्याची नक्कल कुणालाच जमत नाही. ते तपासायला मोबाईलच्या टॉर्चवर सेलोटेप चिकटवा, ती निळ्या-जांभळ्या स्केचपेनने रंगवा आणि तो उजेड नोटेवर पाडा. नंबर चमकला तर नोट खरी, कागद चमकला तर खोटी. खाली आणखी जोडलेलं असतं: हिरवी पट्टी गांधीजींच्या चित्राजवळ असेल तर नोट खोटी, नंबरात चांदणी असेल तरी खोटी. आणि शेवटी, ‘बँकेत नेऊ नका, केस होते.’

आधी ते रसायन. पाचशेच्या नोटेत रंग बदलणाऱ्या दोन जागा आहेत: मधला सुरक्षा धागा आणि खाली उजवीकडे छापलेला ₹500 हा आकडा. दोन्ही हिरव्याचे निळे होतात, पण प्रकाश पडल्याने नव्हे, तर नोट तिरपी केल्याने. अशा शाईत अतिशय पातळ थरांच्या टिकल्या असतात. खाली आरशासारखा धातू, मध्ये पारदर्शक थर, वर अर्धपारदर्शक धातू. वरच्या आणि खालच्या थरावरून परतणारे किरण एकमेकांत मिसळतात, तेव्हा काही रंग उठून दिसतात आणि काही विझतात. नोट तिरपी केली की या दोन किरणांच्या मार्गातला फरक घटतो आणि उठून दिसणारा रंग कमी तरंगलांबीकडे, म्हणजे हिरव्याकडून निळ्याकडे सरकतो. साबणाच्या फुग्यावर रंग खेळतात ते याच नियमाने. फोटोकॉपी एकाच कोनातून घेतलेली असते, म्हणून तिच्यातला आकडा कितीही हलवला तरी हिरवाच राहतो. तेव्हाच्या 1000 आणि 500 च्या नोटांवर ही शाई नोव्हेंबर 2000 मध्ये आली.

प्रकाशाने खरोखर रंग बदलणारी द्रव्यं वेगळी. उन्हात काळा होणारा चष्मा हे त्यांचं रोजचं उदाहरण. स्पायरोपायरानसारख्या रेणूवर अतिनील किरण पडले की त्यातला एक बंध तुटतो, रेणूचा आकार बदलतो आणि रंग येतो. साध्या प्रकाशात किंवा उष्णतेने तो पुन्हा मिटतो. (असा चष्मा गाडीत नीट काळा होत नाही, कारण पुढची काच अतिनील किरण अडवते. नागपूरच्या मे महिन्यातही तो थंडीतल्यापेक्षा कमीच काळा होतो, कारण उष्णता रंग पुसत असते.) रिझर्व्ह बँकेने पाचशेच्या नोटेची जी वैशिष्ट्यं लोकांसाठी जाहीर केली आहेत, त्यांत असली शाई नाही.

आता टॉर्च. मोबाईलच्या पांढऱ्या एलईडीचा निळा भाग साधारण 450 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास असतो, अतिनील जवळपास नसतोच. स्केचपेनची शाई बाकीचे रंग अडवेल, पण दिव्यात जे नाही ते निर्माण कसं करणार? नोटेचा नंबर आणि कागदातले चमकणारे तंतू उजळवायला साधारण 365 नॅनोमीटरचा अतिनील दिवा लागतो. बाजारात स्वस्तात मिळणारे जांभळे टॉर्च बहुतेक 395 च्या आसपासचे. त्यांचा जांभळा उजेडच इतका असतो की खरी चमक कुठली आणि नुसतं प्रतिबिंब कुठलं, हे नवख्याला कळत नाही.

खरा दिवा असला तरी ‘कागद चमकला तर खोटी’ हे अर्धसत्य आहे. नोटेचा कागद कापसाच्या तंतूंचा. त्यात ऑफिसच्या कागदात घालतात तसं चकाकीचं द्रव्य नसतं, म्हणून तो अतिनील प्रकाशात मंद दिसतो. इथपर्यंत बरोबर. पण तीच नोट पँटच्या खिशात राहून वॉशिंग मशीनमधून निघाली, तर डिटर्जंटमधलं चकाकीचं द्रव्य तिच्यावर बसतं आणि खरी नोट निळसर पांढरी चमकू लागते. याउलट, चमकणारी शाई काही गुप्त वस्तू नाही, ती उघड विकत मिळते. नुसता नंबर चमकला म्हणून नोट खरी ठरत नाही. मला या मेसेजचा राग येतो तो इथेच, कारण धुतलेली खरी नोट नाकारली की फटका भाजीवालीला बसतो, आणि खोटी नोट घेतली की तोही तिलाच.

‘कुणालाच बनवता येत नाही’ हेही तसंच. उन्हात रंग बदलणारे मणी आणि नेलपॉलिश खेळण्यांच्या दुकानात मिळतात. शिवाय यातले बरेच रेणू थकतात: पुन्हा पुन्हा रंग बदलताना थोडे थोडे खराब होतात, प्राणवायू आणि ऊन त्यात भर घालतात. वर्षानुवर्षं हातोहात फिरणाऱ्या नोटेसाठी ही मोठी अडचण. प्रमाणपत्रं, औषधांची लेबलं, तिकिटं यांवर त्यांचा उपयोग जास्त पटण्यासारखा आहे. ठरावीक तरंगलांबीचा उजेड ठरावीक क्रमाने दिल्यावरच मजकूर उमटावा आणि काही वेळाने आपोआप पुसला जावा, अशा दिशेने संशोधन चालू आहे. पण तिथेही भरवसा असतो तो अनेक खुणा एकत्र जुळण्यावर, एकट्या शाईवर नाही.

हिरव्या पट्टीचा, म्हणजे त्या सुरक्षा धाग्याचा, दावा केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने केव्हाच खोडून काढला आहे. पट्टी गांधीजींजवळ असो की गव्हर्नरांच्या सहीजवळ, दोन्ही नोटा चालतात. चांदणीचंही तेच. छपाईत खराब निघालेल्या नोटेच्या जागी दिलेल्या नोटेच्या नंबरात चांदणी असते. पाचशेच्या नोटांत ही पद्धत डिसेंबर 2016 मध्ये आली, आणि अशा नोटा वैध असल्याचं रिझर्व्ह बँकेने जुलै 2023 मध्ये पुन्हा सांगितलं.

घरी तपासायचंच असेल तर दिवा लागत नाही. नोट तिरपी करून धागा आणि आकडा बघा. उजेडासमोर धरून वॉटरमार्क बघा. डाव्या-उजव्या कडेच्या पाच तिरक्या रेघा आणि गांधीजींचं चित्र बोटाने चाचपा, ती छपाई उठावदार असते. यातली एकच खूण पुरेशी नाही, तीन-चार जुळायला हव्यात.

आणि बँकेची भीती. खोटी नोट निघाली तर बँक ती शिक्का मारून ठेवून घेते आणि पावती देते. पैसे परत मिळत नाहीत, हे खरं. पण एका व्यवहारात चारपर्यंत नोटा निघाल्या तर बँक पोलिसांना महिन्याच्या एकत्रित अहवालात कळवते, पाच किंवा जास्त असतील तेव्हाच गुन्हा नोंदवायला जाते. खोटी आहे हे कळल्यावरही ती दुसऱ्याच्या गळ्यात मारणं हा मात्र गुन्हाच आहे, आणि मेसेजची शेवटची ओळ माणसाला नेमकी तिकडेच ढकलते.