म्हणे सरासरी काढा आणि बार टाका!

सध्या एक सल्ला जाम शेअर होतोय. सर्व्हेत १ ते ५ रेटिंग असेल (१ म्हणजे 'अजिबात पटत नाही', ५ म्हणजे 'पूर्ण पटतं') तर प्रत्येक प्रश्नाची सरासरी काढा, एकेक बार टाका, मधले 'तटस्थ'वाले वगळा, लाल-हिरवा रंग द्या, चार्ट एका नजरेत कळतो. कळतो खरा, पण काय कळतं ते बघू.

खरी गोची सरासरीतच आहे. समजा १०० पैकी ५० जणांनी १ दिला आणि ५० जणांनी ५, सरासरी ३. दुसऱ्या प्रश्नाला १०० च्या १०० जणांनी ३ दिला, तरी सरासरी ३च! दोन्ही बार सारखेच, आणि एकीकडे लोक हमरीतुमरीवर आलेत तर दुसरीकडे कुणाला काही पडलेलीच नाहीये, हे दिसणार कुठून? त्यात बार शून्यापासून काढतात पण स्केल सुरू होते १ पासून, म्हणजे झाडून सगळ्यांनी 'अजिबात पटत नाही' म्हटलं तरी बार थोडासा उभा राहतोच. मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्टने १९३२ मध्ये ही रेटिंगची पद्धत मांडली तेव्हा तो बऱ्याच विधानांचे गुण मिळून एका माणसाचा स्कोअर काढत होता, सुट्या प्रश्नाच्या सरासरीवर त्याचं काही अडलं नव्हतं. तरी सरासरी हवीच असेल तर बाजूला बारीक आकड्यात लिहा, कोण नको म्हणतंय.

तटस्थ वगळा हे तर कहरच. ३० सहमत, २० असहमत, ५० तटस्थ. तटस्थ उडवले की झाले '६० टक्के सहमत'! अर्ध्या लोकांना गायब करून बहुमत तयार. ('माहीत नाही' वेगळं, ते तटस्थमध्ये मिसळू नका.)

त्यापेक्षा आडवे स्टॅक्ड बार घ्या, म्हणजे एकाच बारमध्ये प्रत्येक उत्तराच्या टक्केवारीचा तुकडा शेजारी-शेजारी, असहमत शून्य रेषेच्या डावीकडे, सहमत उजवीकडे आणि तटस्थ वेगळ्या पट्टीत कडेला. बरेच जण तटस्थ मधोमध अर्धा-अर्धा वाटतात, मग सहमतीचे तुकडे अधांतरी सुरू होतात आणि एकमेकांशी ताडून बघणं अवघड जातं. एकाच रेषेपासून निघालेल्या लांब्या डोळ्याला जास्त अचूक कळतात हे क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्येच प्रयोग करून दाखवलंय.

लाल-हिरव्याचं थोडक्यात, ज्यांना त्यातला फरक दिसत नाही त्यांच्यासाठी चार्ट संपला, निळा-नारिंगी घ्या, टोकाच्या मतांना गडद छटा, तटस्थला राखाडी. आणि किती जणांनी उत्तर दिलं तो आकडा प्रत्येक बारशेजारी टाकाच, १२ जणांतले ७५ टक्के म्हणजे फक्त ९ माणसं असतात.