सीटवरचा घरभेदी

काळी पँट घालून पिकअपमधून उतरलं की समोरचा माणूस तोंडाकडे बघतच नाही. तो आधी मागून एक फेरी मारतो आणि मग विचारतो, "काय शेठ, गाद्या घरीच पिंजता वाटतं?" लग्नाचा मांडव असो, बँक असो की बाजार समितीचं ऑफिस, कापडी सीटच्या गाडीतून आलेला माणूस पाठीवरून ओळखू येतो. मांडीच्या मागे पांढऱ्या तंतूंचा नकाशा, शर्टावर बारदानाचे चार तपकिरी धागे आणि खिशाच्या कडेला कांद्याचं गुलाबी टरफल. माल कुठून भरला हे सांगायला बिल्टी लागत नाही, पँट पुरते.

आमच्या नाशकात तर या सीटला बारमाही खुराक आहे. लासलगाव-पिंपळगावकडून टरफलं येतात. दिंडोरीकडे द्राक्षाचे घड वर्तमानपत्रात गुंडाळतात, त्या कागदाचे कपटे हमालांच्या अंगावरून केबिनमध्ये शिरतात. मालेगावला कापडाचे तागे भरले, तर भरणारी माणसं ढगातून उतरल्यासारखी पांढरी होऊन सीटवर टेकतात आणि उतरताना ढग तिथेच ठेवून जातात. तरी यातलं कुणीच खरा गुन्हेगार नाही. टरफल हाताने उचलता येतं, कपटा फुंकरीने उडतो. सीटला जो पांढरा, बारीक, कुरळा कापूस चिकटतो आणि हात फिरवला की आणखी आत जातो, तो बहुतेक वेळा एकाच ठिकाणाहून येतो. सीट खराब होऊ नये म्हणून तिच्यावर टाकलेल्या टॉवेलातून.

हा टॉवेल कुठून आला, याचा उगम शोधायला फार लांब जावं लागत नाही. सरकारी कचेरीत साहेबाच्या खुर्चीवर पांढरा टर्किश टॉवेल असतो. ड्रायव्हरच्या सीटवरही असतो. दोघांचं म्हणणं एकच, घाम लागू नये. पण टर्किश टॉवेल म्हणजे सुताच्या हजारो उभ्या फासांचं रान. दिवसाचे आठ तास त्यावर घासत बसलं की फासांचे धागे तुटतात आणि तुटलेले तुकडे खालच्या कापडात जाऊन बसतात. नवा कोरा टॉवेल तर सगळ्यात वाईट, कारण विणताना-कापताना सुटलेले तंतू त्यात भरलेलेच असतात. वापरायचाच असेल तर आधी तीन-चार वेळा नुसता धुऊन घ्यावा. हे ड्रायव्हरला सांगून बघा. "नवाच आहे की शेठ, धुवायचा कशाला?" या प्रश्नाला जगात उत्तर नाही.

आता सीटची बाजू. गाडीच्या सीटचं कापड बहुधा पॉलिएस्टरचं असतं, आणि ते कापूस दोन तऱ्हांनी धरतं. पहिली तऱ्हा विजेची. हवेत ६५ टक्के आर्द्रता असेल तर सुती धागा आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्के पाणी धरून ठेवतो. पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. ओल नाही म्हणून घर्षणाने तयार झालेली वीज वाहून जात नाही, जागीच बसून राहते आणि आसपासचे हलके तंतू ओढते. त्यात लोकर आणि पॉलिएस्टर म्हणजे विजेच्या बाबतीत विरुद्ध टोकाच्या सोयरिकी. म्हणून निफाडचा पारा एक आकडी झाल्याच्या बातम्या सुरू झाल्या, अंगात स्वेटर आला, की सीट कापूसही जास्त ओढते आणि उतरताना दाराला बोट लावलं की चटकाही देते. (चटका नको असेल तर सीटवरून उठायच्या आधीच दाराच्या चौकटीचा उघडा पत्रा हाताने धरावा आणि धरूनच उतरावं.) एसीची हवाही कोरडी. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे, ते चांगलंच झालं. फक्त त्या केबिनमध्ये सीट कापडी असेल तर हिवाळा आता बारा महिने.

दुसरी तऱ्हा अडकण्याची, आणि तीच जास्त त्रासाची. सीटच्या बाजूच्या पट्ट्या बऱ्याचदा मखमली लवेच्या असतात. बोट फिरवून बघा: एकीकडे फिरवलं तर रंग गडद दिसतो, उलटं फिरवलं तर फिका. ती लव म्हणजे लहान लहान आकडे समजा. कुरळा तंतू त्यात शिरला की हाताने झटकणं म्हणजे त्याला आत ढकलणं. झाडूनेही तेच होतं.

काढायचं कसं, यात पहिला नियम: सगळं आधी कोरडं. ओल्या फडक्याने सुरुवात केली की कापसाच्या वळ्या होतात, त्या वळ्यांत धूळ मिसळते आणि सीटवर राखाडी शेवया वाळत घातल्यासारख्या दिसतात. म्हणून आधी सीट तळहाताने बडवावी, दोन्ही दारं उघडी ठेवून. मग व्हॅक्युम, आणि तोही चपट्या तोंडाचा. पाठ आणि बैठक जिथे मिळतात त्या खाचेत तो चार बोटं आत घालावा. तिथे कापूस कमी आणि इतिहास जास्त निघतो: शेंगदाण्याची सालं, सुपारीचा चुरा, एक रुपयाचं नाणं, आणि फास्टॅग सक्तीचा व्हायच्या आधीची, म्हणजे २०२१च्या पूर्वीची टोलची पावती.

पंक्चरवाल्याकडच्या हवेने सीट साफ करण्याची आपल्याकडे फार हौस. फुकट असते, आवाज मोठा होतो, आणि कापूस डोळ्यांदेखत नाहीसा होतो. नाहीसा म्हणजे कुठे जातो? थोडा डॅशबोर्डच्या जाळीत, थोडा सीटच्या रुळांत ग्रीसला चिकटायला, आणि बाकीचा छपराच्या कापडावर, जिथून तो दोन दिवसांनी शांतपणे खाली येतो. हवा मारायचीच असेल तर व्हॅक्युम झाल्यावर, आतून दाराबाहेरच्या दिशेने, नळी हातभर लांब धरून. आणि नाकाला रुमाल बांधून, नाहीतर उरलेला कापूस आपण घेऊन जातो.

व्हॅक्युमने सुटा कापूस जातो, अडकलेला नाही. त्याला रबर लागतं. भांडी घासायचा रबरी हातमोजा पाण्यात बुडवून चांगला झटकायचा, नुसता ओलसर ठेवायचा, आणि सीटवरून एकाच दिशेने ओढायचा. मागे-पुढे घासायचं नाही. दर वेळी हात उचलून पुन्हा वरून सुरू. रबर कापडाला घट्ट धरतं, म्हणून तंतू जागचा हलतो आणि चार-पाच ओढींत त्यांची सुरळी होते. ती चिमटीत उचलायची. ओलसरपणामुळे तेवढ्यापुरती वीजही मरते. लवेच्या पट्टीवर आधी लवेविरुद्ध ओढायचं, म्हणजे आतला माल वर येतो, आणि शेवटचे दोन हात लवेच्या बाजूने, म्हणजे पट्टी बसते. काच पुसायचा रबरी वायपरही चालतो. मोठ्या ट्रकच्या लांबलचक बाकड्याला तोच बरा.

पण माझं मत विचाराल तर सगळ्यात सरस हत्यार सायकलच्या दुकानात मिळतं: जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा. तो कापून, साबणाने आतून-बाहेरून धुऊन घ्यायचा, कारण ट्यूबमध्ये शंखजिऱ्याची पांढरी भुकटी असते आणि न धुता वापरली तर कापूस काढून त्या जागी पावडर लावल्यासारखं होतं. वाळला की लाकडी ठोकळ्यावर मोज्यासारखा ताणून चढवायचा. झाला सीटचा रंधा. फिक्या रंगाच्या सीटवर आधी कोपऱ्यात ओढून बघावा, काळं रबर कधीकधी ओरखडा सोडतं. दुकानदार ट्यूबचे पैसे घेत नाही, पण "पिकअपच्या सीटला कुठं पंक्चर झालंय?" एवढं विचारून घेतो. सांगत बसू नये.

चिकटपट्टीवाले वेगळे. तयार रोलर उत्तमच, पण मालगाडीच्या सीटला एका वेळेस अर्धा रोलर संपतो, म्हणून त्याचा उपयोग शेवटच्या हातापुरता. त्याऐवजी दोन इंची कागदी मास्किंग टेप चिकट बाजू बाहेर करून पंजाला गुंडाळावी आणि थोपटत जावं, घासू नये. खोके बंद करायची तपकिरी टेप मात्र सीटवर आणू नका. मे महिन्यात बंद केबिनमध्ये तिचा डिंक पातळ होऊन कापडावर उतरतो आणि मग कापूस कायमचा रहिवासी दाखला काढतो. टाच घासायच्या दगडाचा सल्लाही लोक देतात. जाड, घट्ट विणीवर तो हलक्या हाताने चालतो. सैल विणीच्या मऊ कापडावर फास ओढून काढतो. मी तो टाचेसाठीच ठेवतो.

एक घोळ हमखास होतो. कापूस समजून ज्याच्यामागे लोक हात धुऊन लागतात ते कधीकधी सीटचेच गोळे असतात. चिमट्याने एक उचलून बघायचं: सुटून आला तर कापूस, कापडही तंबूसारखं वर आलं तर गोळा. गोळ्याला रबर-टेप काही करत नाही. त्याला स्वेटरचे गोळे काढायचं बॅटरीचं यंत्र लागतं, न दाबता, शिवणीपासून लांब ठेवून. शिवण कापली गेली तर आतला फोम बाहेर डोकावतो, आणि मग त्याचा चुरा हा वेगळा विषय.

धुणं वर्षातून एकदा पुरे, आणि ते एप्रिल-मेमध्येच. लिटरभर कोमट पाण्यात चहाचा एक चमचा पातळ डिटर्जंट, बास. पाणी घुसळून वरचा फेस तेवढा मऊ ब्रशने घ्यायचा, फूटभर जागा घासायची आणि लगेच साध्या पाण्यात पिळलेल्या पांढऱ्या फडक्याने दोनदा पुसायची. हे पुसणं लोक टाळतात आणि मग तक्रार करतात की धुतल्यावर आठ दिवसांत सीट पहिल्यापेक्षा घाण झाली. होणारच; राहिलेला साबण वाळून चिकट होतो आणि धूळ-कापूस दोन्ही धरतो. फडकं जुन्या धोतराचं घ्यावं. टॉवेलचं घेऊ नये, हे मी इथवर वाचलेल्या माणसाला सांगायला नको. वॉशिंग सेंटरची प्रेशरची नळी सीटवर तर मुळीच नको: फोम गुलाबजामासारखा पाणी पितो, वरून कोरडा दिसतो आणि बसलं की आपल्याला सांगतो. सीटखाली पिवळ्या कनेक्टरच्या वायरी असतील तर त्या एअरबॅगच्या किंवा बेल्टच्या समजाव्यात, तिथे पाणी जाऊ द्यायचं नाही. उन्हात दारं उघडी ठेवून चार-पाच तास. हेच जुलैत केलं आणि गाडी इगतपुरी-कसाऱ्याच्या धुक्यात पाठवली, तर कापूस जातो आणि कुबट वास चातुर्मास पाळतो.

विजेवर इलाज कपड्यांचं कंडिशनर. अर्धा लिटरच्या फवाऱ्याच्या बाटलीत पाणी, त्यात एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली. फूटभर अंतरावरून एका सीटला चार-पाच फवारे, वरून कोरडं फडकं, आणि वाळल्याशिवाय बसायचं नाही. पंधरा दिवस गुण राहतो. वास छान येतो म्हणून ड्रायव्हर जास्त मारतो, तेव्हा सीट तुळतुळीत आणि मेणचट होते आणि आपण पुन्हा डिटर्जंटच्या चमच्यापाशी.

"मग रेक्झिनचं कव्हर का नाही घालत?" हे विचारणाऱ्याने एकदा दुपारी दोन वाजता उन्हात उभ्या गाडीत बसून दाखवावं. रेक्झिनला कापूस चिकटत नाही, पाठ चिकटते. पाठ चिकटू नये म्हणून ड्रायव्हर त्यावर काय टाकतो, ते वेगळं सांगत नाही. सीटच्या कडेला एअरबॅगची खूण असेल तर बाजू झाकणारं कव्हर घालूच नये, ती शिवण फाडूनच बाहेर येते. लाकडी मण्यांची चटई थंड असते, पण तिच्या गाठी लवेला घासून नवे गोळे तयार करतात.

तेव्हा घरभेद्याशीच तह करावा लागतो. टर्किशच्या जागी घट्ट, साध्या विणीचा पंचा: फास नाहीत, तंतू कमी, घाम तेवढाच टिपतो आणि दोन तासांत वाळतो. ड्रायव्हर आधी नाक मुरडतो, कारण पंच्यात साहेबपण नाही. काठाचा आणला तर चालवून घेतो. तो आठवड्यातून एकदा धुवायचा, वेगळा, काळ्या कपड्यांत मुळीच न टाकता, आणि मशीनची कापूस अडवणारी जाळी आधी-नंतर साफ करून. वाळल्यावर झटकायचा. पण गॅलरीत उभं राहून नाही. खाली शेजारच्या भाऊंची नवी गाडी काचा उघड्या ठेवून उभी असते, आणि तिच्या सीटाही कापडी आहेत.