बेळगाव 2014 ला कर्नाटकात गेलं नाही ओ!

"बेळगाव 2014 पर्यंत महाराष्ट्रात होतं" असा फॉरवर्ड फिरतोय, तो साफ चुकीचा आहे. 1 नोव्हेंबर 2014 ला नुसतं नाव बदललं, बेळगावचं बेळगावी केलं. गाव गेलं 1 नोव्हेंबर 1956 लाच, मुंबई राज्यातनं तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, आणि महाराष्ट्र झाला 1960 ला, मग महाराष्ट्रात असणार कुठनं? 2012 ला बेळगावजवळच्या हलग्याला सुवर्णसौध, म्हणजे कर्नाटकाचं विधानभवन, उघडलं ते काय दुसऱ्याच्या राज्यात बांधलं होतं काय? सीमाप्रश्न आहेच, 2004 ला सुप्रीम कोर्टात केस घातलीय, खरं त्यासाठी असल्या तारखा कशाला पायजेत. त्या फॉरवर्डमधलं बेळगावचं 1924 चं काँग्रेस अधिवेशन तेवढं बरोबर, टिळकवाडीत झालं, गांधीजी अध्यक्ष होते, त्यासाठी खोदलेली काँग्रेस विहीर अजून आहे, जाऊन बघा.