‘पेशी आपल्याच, मग धोका कसला?’ या मेसेजला उत्तर

महिनाभर नाशिकरोड-देवळालीकडच्या ग्रुपांवर अमायलॉइडोसिसबद्दल, म्हणजे अवयवांत खराब प्रोटीन साचत जाण्याच्या रोगाबद्दल, एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय: अमायलॉइडोसिसवर स्टेम सेल प्रत्यारोपण हाच खरा इलाज. पेशी आपल्याच, त्यामुळे दुष्परिणाम नाहीत. एकदा केलं की साचलेलं प्रोटीन विरघळतं आणि रोग मुळापासून जातो. डॉक्टर ‘हृदयाला झेपणार नाही’ म्हणाले तर ती टाळाटाळ समजा, दुसरीकडे जा.

आमच्या अण्णांचं हेच प्रत्यारोपण मुंबईत झालं. मी पूर्ण वेळ सोबत होते. परवा जेल रोडचे एक काका हा मेसेज दाखवून ‘आता दुसरा डॉक्टर बघतो’ म्हणाले, तेव्हा गप्प बसवेना.

पेशी आपल्याच असतात, हे खरं. परक्या पेशींनी शरीरावर उलटण्याची भीती इथे नसते. पण रोगावर काम करतं ते मेलफलान नावाचं केमो. बोन मॅरोत (हाडांच्या आतल्या मगजात) खराब प्रोटीन तयार करणाऱ्या पेशी मारायला ते शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत देतात. वय झालेलं असेल किंवा किडनी कमजोर असेल तर 140. त्यात अख्खा मॅरोच रिकामा होतो, म्हणून आधी काढून ठेवलेल्या पेशी परत द्यायच्या. त्या रुजायला साधारण 10 ते 14 दिवस लागतात. तोवर साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो.

अण्णांचा त्रास तर केमोच्या आधीच सुरू झाला. पेशी रक्तात उतरवायला जी-सीएसएफची इंजेक्शनं देतात. चार दिवसांत वजन साडेपाच किलोंनी वाढलं. सकाळी सहाला सिस्टर काटा घेऊन यायच्या आणि मी आकड्याकडे बघत उभी राहायचे. घोट्यावर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. लघवीतून प्रथिनं जाणाऱ्या रुग्णाच्या अंगात असं पाणी भरतं, कधी फुफ्फुसातही. मेलफलानच्या दिवशी तोंड येऊ नये म्हणून अण्णा बर्फाचे खडे चघळत बसले होते. पेशी परत चढवताना खोलीभर लसणासारखा वास सुटला. पेशी गोठवताना घातलेल्या द्रव्याचा तो वास. तेव्हाही रक्तदाब आणि ठोके यांच्यावरून कुणी नजर हटवत नव्हतं.

मायलोमा या मॅरोच्या कॅन्सरलाही हेच प्रत्यारोपण करतात. पण अमायलॉइडमध्ये हृदय, किडनी, आतडं, नसा यांत आधीच प्रोटीन साचलेलं असतं, म्हणून तोच उपचार इथे जास्त जड जातो. ठोके बिघडतात, उभं राहिलं की रक्तदाब कोसळतो, आतड्यातून रक्त जातं. काहींच्या रक्तातला गोठण्याचा फॅक्टर टेन अमायलॉइडच शोषून घेतं, मग रक्तस्राव आवरत नाही.

‘प्रोटीन विरघळतं’ हेही चूक. प्रत्यारोपण कारखाना बंद करतं, साठलेला माल उचलत नाही. तो शरीर हळूहळू काढतं, महिनोन्‌महिने, कधी अर्धवटच. अण्णांच्या लघवीचा फेस कमी व्हायला वर्ष गेलं. रोग उलटूही शकतो, म्हणून लाइट चेनची, म्हणजे रक्तातल्या त्या खराब प्रोटीनची, तपासणी आजही चालू आहे.

आणि अमायलॉइडोसिस हा काही एकच रोग नाही. हे प्रत्यारोपण एएल प्रकारासाठी, ज्यात खराब प्रोटीन मॅरोतल्या पेशी बनवतात. जुनाट टीबी किंवा संधिवातामुळे होणाऱ्या एए प्रकारात मूळ दुखणं आवरायचं असतं. एटीटीआर या तिसऱ्या प्रकारात प्रोटीन यकृतातून येतं, तिथे मेलफलानने नुसतं नुकसान. तुकडा काढून तपासून (बायोप्सी) प्रकार नक्की केल्याशिवाय पुढे जायचंच नाही.

सगळ्यात घातक वाक्य शेवटचं. ‘झेपणार नाही’ हा निर्णय आकड्यांवरून होतो. ट्रोपोनिन टी आणि एनटी-प्रोबीएनपी या हृदयाची इजा आणि ताण दाखवणाऱ्या रक्ततपासण्या. ट्रोपोनिन टी 0.06 च्या वर, एनटी-प्रोबीएनपी 5000 च्या वर, वरचा रक्तदाब 90 च्या खाली, थोडं चाललं तरी धाप, अशा रुग्णाला अनुभवी केंद्रं सहसा प्रत्यारोपणाला घेत नाहीत. हे नियम माणसं गमावून शिकलेले आहेत. फ्रान्समध्ये 100 रुग्णांवर झालेला अभ्यास 2007 साली छापून आला. प्रत्यारोपणाच्या गटाचं मध्यक आयुष्य (म्हणजे निम्मे रुग्ण जाईपर्यंतचा काळ) सुमारे 22 महिने, साध्या मेलफलान-डेक्सामेथासोनच्या गोळ्यांवरच्या गटाचं सुमारे 57. प्रत्यारोपण झालेल्यांतले बरेच जण पहिल्या 100 दिवसांतच गेले. आता अनुभवी केंद्रांत हे मृत्यू 5 टक्क्यांच्या खाली आलेत, त्यामागचं मोठं कारण रुग्ण पारखून घेणं हेच आहे. नव्या रुग्णांपैकी जेमतेम पाचातला एक त्यात बसतो. ज्याला डॉक्टर नाही म्हणतात, त्याला ‘दुसरीकडे करून घ्या’ सांगणं म्हणजे त्याच पहिल्या 100 दिवसांत ढकलणं.

नाही म्हटल्यावर उपचार संपतही नाहीत. बोर्टेझोमिब, सायक्लोफॉस्फामाइड, डेक्सामेथासोन आणि जोडीला डाराटुमुमॅबचं त्वचेखालचं इंजेक्शन. अमेरिकेत या जोडणीला 2021 मध्ये मान्यता मिळाली आणि ती आता जगभर पहिल्या पसंतीची आहे. खर्च मोठा आहे, ते खरंच. पण वाट आहे.

काकांची फाइल मी त्यांच्याच ओट्यावर बसून वाचली. एनटी-प्रोबीएनपी 9000 च्या वर. त्यांच्या डॉक्टरांनी ‘नाही’च्या खाली आणखी एक ओळ लिहिली होती, ती कुणी वाचलीच नव्हती: ‘आधी औषधं, सहा महिन्यांनी हृदय पुन्हा तपासू.’ मंगळवारी त्यांनी पहिलं इंजेक्शन घेतलं.