१४५३ मध्ये नेमका कोणता रस्ता बंद झाला?

"१४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, भारताकडे येणारा खुष्कीचा मार्ग बंद झाला, मसाले मिळेनासे झाले, म्हणून युरोपीय दर्यावर्दी समुद्रमार्ग शोधायला निघाले." हे वाक्य शाळेत पाठ केले नाही असा मराठी माणूस विरळा. स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये ते आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर ते फिरते, आणि हल्ली त्याला एक शेपूटही असते: ग्रीक पंडित पोथ्या घेऊन इटलीत पळाले आणि प्रबोधन सुरू झाले. गोष्ट झकास आहे, पण एकेक विधान सुटे करून पाहिले की काही टिकत नाही.

"मसाल्याचा मार्ग कॉन्स्टँटिनोपलवरून जात होता." मुख्य मार्ग तिकडून, म्हणजे आजच्या इस्तंबूलवरून, जातच नव्हता. मलबारची मिरी जहाजाने एडनला, पुढे तांबड्या समुद्रातून इजिप्तच्या किनाऱ्यावर, उंटांवरून कैरोला आणि नाईलमधून अलेक्झांड्रियाला जायची. तिथे व्हेनिसचे व्यापारी ती उचलत. दुसरी वाट इराणच्या आखातातून सीरियाकडे जाई. इजिप्त आणि सीरिया तेव्हा मामलुक सुलतानांच्या ताब्यात होते. कॉन्स्टँटिनोपल जिंकणाऱ्या ऑटोमन तुर्कांनी ते प्रदेश जिंकले १५१६-१७ मध्ये, म्हणजे वास्को द गामा कालिकतला उतरल्यावर जवळपास १९ वर्षांनी. कारण परिणामाच्या मागून आले म्हणायचे! काळ्या समुद्रावरून मध्य आशियाकडे जाणारी जी खरी खुष्कीची वाट होती, तिची रया मंगोल सत्ता मोडकळीला आल्यावर चौदाव्या शतकातच गेली होती.

"तुर्कांनी व्यापार तोडला." कशाला तोडतील? जकात कोणाला नको असते? शहर पडल्यावर काही दिवसांतच सुलतान दुसऱ्या मेहमेदने खाडीपलीकडच्या गलाटा वस्तीतील जिनोवा या इटालियन शहराच्या व्यापाऱ्यांना अभयपत्र दिले. एप्रिल १४५४ मध्ये व्हेनिसशी तह झाला. पुढे १४६३ ते १४७९ व्हेनिस आणि तुर्कांचे युद्ध झाले खरे, पण मिरीची बाजारपेठ असलेले अलेक्झांड्रिया त्या सुलतानाच्या हाती नव्हतेच. तुर्कांच्या विजयांमुळे युरोपात मसाल्याचे भाव भडकले, या समजुतीला भावांच्या नोंदींत आधार नाही, हे लायबायर या अमेरिकी इतिहासकाराने १९१५ मध्येच दाखवून दिले होते. शंभर वर्षे उलटली, नोट्स तशाच आहेत. मिरीच्या व्यापाराची मक्तेदारी हातात घेऊन व्यापाऱ्यांना पिळले ते मामलुक सुलतान बार्सबायने, आणि तेही १४३८ च्या आत.

आता ज्यांनी हा 'बंद' रस्ता तुडवला त्यांच्याकडे पाहू. त्वेरचा रशियन व्यापारी अफनासी निकितिन १४७० च्या आसपास होर्मुझहून घोडा घेऊन आपल्या चौलला उतरला. पावसाळा त्याने जुन्नरला काढला, आणि तिथल्या खानाने तो घोडाच काढून घेतला. परतताना तो दाभोळहून होर्मुझला गेला, इराण ओलांडून त्रेबिझोंदला पोचला. काळ्या समुद्रावरचे हे बंदर १४६१ पासून तुर्कांचे होते. तिथल्या अधिकाऱ्यांनी कागदपत्रांच्या शोधात त्याचे सामान उपसले, त्यातले बरेच लांबवलेही. त्रास झाला, पण पुढे तो काळा समुद्र ओलांडून क्रिमियातल्या काफा बंदराला पोचलाच.

पोर्तुगालचे उदाहरण तर त्याहून बोलके आहे. १४८७ मध्ये राजा दुसऱ्या जुआंवने पेरू द कोव्हिल्यांव याला भारताची माहिती काढायला पाठवले. तो गेला कसा? व्यापाऱ्याच्या वेषात, अलेक्झांड्रिया, कैरो, एडन करत कण्णूर, कालिकत आणि गोव्याला. वाट बंद असती तर राजाचा हेर तिच्यावरून गेला असता का?

आणि मे १४९८ मधला प्रसंग. द गामाने कालिकतला पहिला माणूस किनाऱ्यावर धाडला, तेव्हा त्याला तिथे भेटले कोण, तर कास्तीलची आणि जिनोवाची भाषा बोलणारे ट्युनिसचे दोन व्यापारी. 'सैतान नेवो तुला! इथे कशाला कडमडलास?' अशा अर्थाचे त्यांचे पहिले वाक्य या सफरीच्या रोजनिशीत नोंदलेले आहे. भूमध्य समुद्राकाठचे हे लोक आफ्रिकेला वळसा घालून आलेले नव्हते.

"म्हणून दर्यावर्दी निघाले." पोर्तुगीजांनी उत्तर आफ्रिकेतले सेउता घेतले १४१५ मध्ये. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे बोजादोरचे भूशिर ओलांडले १४३४ मध्ये. पकडून आणलेल्या आफ्रिकी गुलामांची पोर्तुगालच्या लागुश बंदरात वाटणी झाली १४४४ मध्ये. हे सगळे कॉन्स्टँटिनोपल पडण्याआधीचे. त्यांना पश्चिम आफ्रिकेचे सोने हवे होते, गुलाम हवे होते, मदैरा बेटावरच्या उसाला मजूर हवे होते, आणि मुसलमान सत्तांना मागून गाठायचे होते. मामलुक आणि व्हेनिस यांचा नफा आपल्या खिशात घालण्याचा विचार त्या मानाने उशिरा पक्का झाला. त्यासाठी रस्ता बंद व्हावा लागत नाही, तो दुसऱ्याच्या हातात असला तरी पुरते.

प्रबोधनाचे शेपूट झटकायला फार वेळ लागत नाही. कॉन्स्टँटिनोपलचा पंडित मान्युएल क्रिसोलोरास इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये ग्रीक शिकवू लागला १३९७ मध्ये, तिथल्या कॅथीड्रलचा प्रचंड घुमट पुरा झाला १४३६ मध्ये. १४५३ नंतर आलेल्या पंडितांनी भर घातली, सुरुवात केली नाही.

मग १४५३ ला काहीच अर्थ नाही का? आहे. काळ्या समुद्राचे दार तुर्कांच्या हाती गेले, १४७५ मध्ये जिनोवाचे काफा गेले, तिथला धान्याचा, माशांचा आणि गुलामांचा व्यापार युरोपीयांच्या हातून निसटला. जिनोवाचा पैसा पश्चिमेकडे, स्पेन-पोर्तुगालकडे वळायला याने जोर आला. हा दुवा खरा आहे, पण त्यात मिरी नाही.

मसाल्याचा जुना रस्ता बंद पाडण्याचा चंग बांधला तो पोर्तुगीजांनी. १५०२ मध्ये द गामाने मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज माणसांसकट जाळले. १५०७ मध्ये तांबड्या समुद्राच्या वाटेवरचे सोकोत्रा बेट घेतले. मामलुकांचे आरमार त्यांना हुसकायला आले आणि १५०८ मध्ये चौलच्या खाडीत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सु द आल्मैदा मारला गेला. पुढच्या वर्षी दीवला पोर्तुगीजांनी त्याचा वचपा काढला. एडन मात्र १५१३ मध्ये त्यांना घेता आले नाही, तांबडा समुद्र उघडाच राहिला, आणि सोळाव्या शतकाच्या मध्यावर अलेक्झांड्रियातून व्हेनिसला मिरीचा भरपूर माल पुन्हा जाऊ लागला. तेव्हा इजिप्तवर अंमल होता ऑटोमन तुर्कांचाच.