तोटी मोजली, पाणी कोण मोजणार?

काल राती अडीच वाजता नळ आला. अकरा दिवसांनी. शेजारच्या काकूनं दार वाजवलं म्हणून समजलं, नाहीतर तोही गेला असता. आई, बायको, मी, तिघंही हंडे, बकेटा घेऊन धावलो. अर्ध्या तासात धार करंगळीएवढी झाली, कारण वरच्या गल्लीत नळातून पाणी ओढणारे टिल्लू पंप लागले. भांडायचं कोणाशी? त्यांनाही अकरा दिवसांनीच पाणी दिसलं होतं.

आणि पंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवलंय, ‘हर घर जल’!

नातेवाईक विचारतात, तुमच्याकडे हापशी नाही का? आहे ना, भळाभळा पाणी देते. तोंडात धरून दाखवा! आमचं गाव खारपाणपट्ट्यात आहे. सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगरांमधलं हे विदर्भातल्या पूर्णा नदीचं गाळाचं खोरं. चिकण थरांतून निचरा होत नाही, म्हणून क्षार जमिनीतच साचून राहतात. या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, माठाला पांढरी खपली धरते. शेताला दिलं तर माती चोपण, म्हणजे घट्ट आणि नापीक होते. पिण्याच्या पाण्यात टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा पर्यायच नसेल तर जास्तीत जास्त २०००, असं मानक सांगतं. आमच्या हापशीवर मीटर धरला की आकडा २००० च्या पुढं पळतो. माझा चुलता दोन वर्षं डायलिसिसला अकोल्याला जात होता. तिसऱ्या वर्षी तो गेला.

म्हणजे नळ ही आमची चैन नाही, बाप्पा. प्यायला दुसरं आहेच काय?

ही ‘हर घर जल’वाली केंद्राची नळयोजना, जलजीवन मिशन, १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झाली. माणशी रोज ५५ लिटर. मी हिशेब मांडला. घरात पाच माणसं, म्हणजे दिवसाला २७५ लिटर, अकरा दिवसांचे ३,०२५. माझ्याकडे ५०० लिटरची टाकी आणि २०० चे दोन ड्रम. सगळं काठोकाठ भरलं, जे कधीच भरत नाही, तरी माणशी रोज सोळा लिटर. तोटी बसली की घर ‘जोडलं गेलं’ म्हणून कागदावर चढतं. त्या तोटीतून किती दिवसांनी पाणी पडतं, ते कोणत्या रकान्यात लिहिता?

मग उरतो कॅन. मजुरीतून, नाहीतर कापसाच्या पैशातून प्यायचं पाणी विकत घ्यायचं. कॅन भरताना क्षार काढणाऱ्या आरओच्या मशिनीतून निघालेलं जास्तच खारं पाणी सरळ नालीत सोडतात. ते मुरतं कुठं? आमच्याच जमिनीत!

सगळ्यात जास्त संताप याचा, की आभाळातून गोड पाणी पडतंच. हजार चौरस फुटांच्या छतावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण ६५,००० लिटर होतात. पाच माणसांच्या पिण्या-स्वयंपाकाला रोज ५० लिटर धरले तरी वर्षाला १८,२५० पुरतात. घराशेजारी एक झाकलेलं पक्कं टाकं, पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायची सोय, बस. पण आमच्या गावात टाक्यासाठी एकाही घराला दमडी मिळाली नाही. पाइप मात्र दोनदा पुरला गेला. दुसऱ्यांदा पुरताना जुना फुटला, तो आजही वाहतोय, ढोरं तिथंच पाणी पितात. काहून? टाक्यात ठेकेदाराला काही सुटत नाही म्हणून?

राज्य सरकारच्या कृषी संजीवनी या शेतीच्या प्रकल्पात खारपाणपट्ट्यातली ९३२ गावं धरली होती. म्हणजे आम्ही कोण, कुठं राहतो, आमचं पाणी कसं आहे, हे सरकारला नीट माहीत आहे. माहीत असून हे चाललंय.

येत्या ग्रामसभेत मी उभा राहणार आहे. भिंतीवरचं ते रंगवलेलं पुसा. त्या जागी खडूनं रोज दोन गोष्टी लिहा, शेवटचं पाणी कोणत्या तारखेला आलं आणि पुढचं किती वाजता सोडणार. खडू मी आणून देतो.