इमू पाळणं कुत्र्यापेक्षा सोपं? एकेक दावा तपासून

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एका मजकुराचं सार असं: इमू (शहामृगासारखा मोठा, न उडणारा पक्षी) गरीब स्वभावाचा असतो, पोरांत रमतो, घरात उरलेलं अन्न खातो. उडत नाही म्हणून साधं कुंपण पुरतं. पिल्लू हातावर वाढवलं की जन्मभर माया लावतो, राखण करतो, अंडी आणि तेल देतो. परवान्याचीही कटकट नाही. सोबत अंगावर पट्टे असलेल्या गोंडस पिल्लाचा फोटो असतो. ते पट्टे तीनेक महिन्यांत जातात आणि नीट सांभाळलेला इमू वीस वर्षं सहज काढतो. मजकुरातलं बहुतेक सगळं त्या पहिल्या तीन महिन्यांपुरतंच खरं आहे.

“गरीब पक्षी आहे, पोरांत खेळतो”

पूर्ण वाढलेला इमू पाच-सहा फूट उंच आणि ३५ ते ४५ किलोचा असतो. तो उगाच अंगावर येत नाही, हे कबूल. पण घाबरला की लाथ मारतो. ती पुढे आणि खाली येते आणि पायाला तीन नखं असतात. मोठ्या माणसाच्या मांडीवर बसणारी लाथ पाच वर्षांच्या पोराच्या छातीवर किंवा तोंडावर बसते. शिवाय चमकणाऱ्या प्रत्येक वस्तूवर त्याची चोच जाते: कानातलं, बटण, चष्मा. लहान मुलांना जाळीच्या बाहेरच ठेवावं.

औषध देण्यासाठी इमूला धरायचं तर समोरून कधीच जाऊ नये. जाड पँट आणि बूट घालून मागून जावं, दोन्ही हातांनी छातीला वेढा घालून त्याला सरळ उभं धरावं. पंख ओढू नयेत, ते नावापुरतेच असतात आणि लगेच दुखावतात. हे काम पहाटेच करावं. भर उन्हात पळवून पकडलेल्या पक्ष्याचे स्नायू निकामी होतात. एकदोन दिवसांनी तो बसतो आणि बसलेला मोठा इमू सहसा पुन्हा उठत नाही.

“घरातलं उरलेलं खातो, वेगळा खर्च नाही”

खातो, हे खरं. तो खिळाही खातो. दाणा दळायला खडे गिळायची त्याला सवय असते, त्यामुळे स्क्रू, तारेचा तुकडा, नाणं, काच, पिशवीचं प्लास्टिक सगळं पोटात जातं. तार पेषणीतून (दाणा दळणाऱ्या पोटाच्या पिशवीतून) आरपार गेली किंवा प्लास्टिकचा बोळा अडकला, की पक्षी खाणं सोडतो आणि कारण कळेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून आवारात वेल्डिंग किंवा जाळीचं काम झालं की जुन्या स्पीकरमधला चुंबक दोरीला बांधून सगळी जमीन एकदा ओढून काढावी. किती खिळे निघतात ते पाहून बहुतेकांचं मत बदलतं.

उरलेला भात, पोळ्या आणि तळकट यांनी इमूची चरबी वाढते, हाडं भरत नाहीत. मोठ्या पक्ष्याला दिवसाला पाऊण ते एक किलो संतुलित खाद्य लागतं, शिवाय हिरवा पाला. पाला इंच-दीड इंचाचा चिरून द्यावा, कारण लांब गवताचा पेषणीत गोळा होतो. उन्हाळ्यात पाणी भरपूर आणि सावलीत हवं. कोंबडीचं तयार खाद्य आणताना पिशवीवरची चिठ्ठी वाचावी. त्यात कॉक्सिडिओसिससाठी (कोंबड्यांच्या आतड्याच्या रोगासाठी) मोनेन्सिनसारखं औषध मिसळलेलं असू शकतं. कोंबडीला चालणारं ते औषध शहामृग-इमूच्या कुळाला विषासारखं बाधू शकतं.

“पिल्लू वाढवणं म्हणजे कोंबडीचं पिल्लू वाढवणं”

सगळ्यात जास्त इमू इथेच वाया जातात. अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम चारशे ग्रॅमचं असतं आणि वर्षभरात ते पंचवीस किलोच्या पुढे जातं. एवढं वजन दोन पायांवर पेलायचं असल्याने पहिले दोन महिने पायांचेच असतात.

फरशीवर किंवा वर्तमानपत्रावर पिल्लू ठेवलं की पाय घसरून दोन बाजूंना फाकतात. खाली गोणपाट किंवा खरखरीत रबराची मॅट हवी. फाकलेले पाय पहिल्या एकदोन दिवसांतच, नैसर्गिक अंतर राखून, मऊ चिकटपट्टीने एकमेकांना जोडले तर सावरतात. आठवडा गेला की आशा सोडावी. दुसरी चूक भूक बघून चारण्याची. सुरुवातीच्या खाद्यात वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं पुरतात. जास्त दिलं आणि खोक्यात कोंडून ठेवलं तर हाडापेक्षा वजन पुढे धावतं आणि पाय गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला पिळतो. तो पीळ सरळ होत नाही. पिल्लाला रोज लांब पट्ट्यात पळू द्यावं, तीस फूट तरी. ऊब पहिले दहा दिवस ३२ अंश सेल्सिअस, मग तीन-चार आठवड्यांपर्यंत २९च्या आसपास.

“उडत नाही, साधं कुंपण पुरे”

उडत नाही, पण ताशी ५० किलोमीटरपर्यंत पळतो. भटकी कुत्री भुंकली की तो दिसेल त्या दिशेला सुटतो आणि कुंपणावर आदळतो. काटेरी तार असेल तर मान आणि छाती फाटते. सहा फूट उंच, दोन इंची चेनलिंक जाळी हवी. ती खांबांच्या आतल्या बाजूने लावावी, म्हणजे पळता पक्षी खांबावर आपटत नाही. कोपरे चिंचोळे नकोत. एका जोडीला १०० बाय २५ फूट ही फार्मवरची रूढ जागा आहे. कोकणात पावसाळ्यासाठी मुरूम टाकलेला उंचवटाही करावा लागेल, सततच्या चिखलात तळपाय सुजतात. बंगल्याचं अंगण या हिशेबात बसत नाही.

“हातावर वाढवला की जन्मभर माया”

एकटं पिल्लू माणसालाच आपल्या जातीचं समजायला लागतं, तोवर ठीक. दीड-दोन वर्षांनी वयात आलं की तेच पिल्लू हिवाळ्यात घरातल्या एकाला जोडीदार धरतं आणि दुसऱ्याला प्रतिस्पर्धी. मादी ढोलासारखा घुमणारा आवाज काढते, रात्रीही. तो दोन किलोमीटरपर्यंत जातो, शेजाऱ्यांचं काय ते समजून घ्या. नर अंड्यांवर बसला की सुमारे आठ आठवडे जवळजवळ काही खात-पीत नाही. हे आजारपण समजून लोक जबरदस्तीने भरवतात, त्याची गरज नसते. पिल्लं किमान दोन घ्यावीत. मात्र “नर-मादी जोडी” या विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये. पिल्लांच्या रंगरूपावरून फरक कळत नाही, जाणकाराने गुद तपासून किंवा डीएनए चाचणीनेच कळतो.

“राखण करतो, अंडी-तेल देतो”

राखण कसली, तो परक्या माणसाजवळ कुतूहलाने जातो. हिरवीगार अंडी मिळतात, पण फक्त हिवाळ्यात आणि मादी दुसऱ्या वर्षाच्या पुढे गेल्यावर. तेल पक्ष्याच्या चरबीतून निघतं, म्हणजे पक्षी मारल्यावर. पाळीव प्राण्याच्या जाहिरातीत हे कोणाला कसं खटकत नाही, नवल आहे.

“परवाना लागत नाही”

अर्धं खरं. इमू ऑस्ट्रेलियाचा आहे, त्यामुळे मोर किंवा सारस पाळण्यावर १९७२च्या वन्यजीव कायद्याने जी बंदी आहे ती त्याला लागू नाही. पण प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६०चा कायदा लागू आहे. उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी सोडून देणं त्यात गुन्हा आहे. इमूपालनातून मोठ्या परताव्याचं आमिष दाखवून लोकांचे पैसे गोळा करणारा पेरुंदुराईचा घोटाळा २०१२ साली तामिळनाडूत उघडकीला आला, त्यानंतर मागणी बसली आणि महाराष्ट्रातल्या फार्मवाल्यांनाही खाद्याचा खर्च झेपेना.

आधीच घेऊन बसला असाल आणि झेपत नसेल, तर रानात किंवा माळावर सोडू नका. जाळीचं आवार आणि आधीचे इमू असलेला फार्म शोधा. न्यायचा तर पहाटे, बंद अंधाऱ्या गाडीत, खाली मॅट टाकून, उभ्यानेच. पाय बांधून टेम्पोत आडवा टाकलेला इमू पोहोचतो, पण बरेचदा पुन्हा चालत नाही.